पहिला फॉर्म कुसाबाईचा

उज्वलाच्या खांद्यावरच्या पिशवीत काय असतं, हे विंचूर ते लासलगाव पट्ट्यातल्या वस्त्यांना आता पाठ झालंय. एकाच मापाचे दोन पांढरे कप. टोकदार नळीचा, आकडे दाखवणारा थर्मामीटर. फॉर्मचा गठ्ठा आणि दोन पेनं, कारण त्यातलं एक हमखास ऐनवेळी बंद पडतं. ती लांबून दिसली की ओट्यावरच्या बाया ओरडतात, "आली गं, चहाला ताप आलाय का बघणारी!" सुरुवातीचे पंधरा दिवस उज्वलाला याचा राग यायचा. मग तिनंच ते नाव लावून घेतलं. दारात चपला काढता काढता म्हणायची, "चहाचा ताप बघायला आलेय, ठेवा आधण."

ऐकणाऱ्याला हसू यावं असंच ते काम होतं, पण त्यामागची गोष्ट हसण्यासारखी नव्हती. इराणच्या उत्तरेला, कॅस्पियन समुद्राच्या बाजूला एक मुलूख आहे. तिथे अन्ननलिकेचा कॅन्सर फार. तिथल्या संशोधकांनी पन्नास हजार माणसांची नोंद केली आणि वर्षानुवर्षं त्यांचा पिच्छा सोडला नाही. कोण काय खातं, काय ओढतं, पाणी कुठलं पितं, सगळं लिहून घेतलं. चहा किती गरम पिता, हे मात्र त्यांनी नुसतं विचारलं नाही, थर्मामीटर घालून मोजलं. कारण गरम म्हणजे किती गरम, यावर एका घरातल्या दोन माणसांचंही एकमत होत नाही. त्यातून निघालं असं, की साठ अंशांच्या वर चहा पिणाऱ्यांना हा आजार इतरांपेक्षा जास्त होतो.

नाशिकच्या डॉक्टर संध्या तिकडे वर्षभर शिकायला राहून आल्या होत्या. मोडकीतोडकी फारसीही बोलायला शिकल्या होत्या. परत आल्यावर त्यांच्या मनानं घेतलं, की आपल्याकडे तर चुलीवरचा चहा थेट घशात जातो, तेव्हा आपणही एकदा मोजून बघू. त्यासाठी त्यांना घरोघर फिरणारी, न लाजणारी आणि जिचं अक्षर वाचता येईल अशी बाई हवी होती. तिन्ही गोष्टी उज्वलाकडे होत्या. पहिल्या दोन जन्मजात आणि तिसरी सासूच्या कृपेनं.

हे सासूचं सांगायलाच हवं. उज्वला या घरात आली ती बारावी नापास होऊन. नवरा महेश शेती बघायचा, सासरा नव्हता, आणि घरात राज्य कुसाबाईचं. कुसाबाई स्वतः अंगठेबहाद्दर. सून आल्यावर दोन महिन्यांत तिनं फर्मान काढलं, "परत बस परीक्षेला. आमच्या घरात अर्धं काम कोनी ठेवत नाय." परीक्षेच्या वेळी उज्वलाचा मुलगा सार्थक पाच महिन्यांचा होता. कुसाबाई त्याला कडेवर घेऊन शाळेच्या फाटकाबाहेर लिंबाखाली तीन तीन तास बसायची. पेपर संपला की तिचा एकच प्रश्न, "किती पानं लिहिली?" पानं कमी भरली की तोंड वाकडं करायची. उज्वला पास झाली, पुढे बीए झाली, आणि आज सार्थक नाशिकच्या हॉस्टेलात राहून शिकतोय, पण कुसाबाईचा पानं मोजायचा नाद काही सुटला नाही. सर्वेक्षणाचं काम लागल्यावरही ती संध्याकाळी विचारायची, "आज किती फॉर्म लिहिले?"

सासूला उज्वला आत्या म्हणायची, त्यांच्याकडची रीतच तशी. आणि आत्याचं आणि तिचं भांडणही मनापासून चालायचं. मागच्या वर्षीचंच बघा. कुसाबाईच्या खालच्या दाढा दोन्ही बाजूंनी पडल्या, म्हणून महेशनं नाशिकला नेऊन काढ-घाल करायची कवळी बसवून आणली. महिना झाला नाही तोच बाईंनी ती काढून म्हशीच्या आंबोणाच्या पाटीच्या कडेला ठेवली, आणि ती आंबोणाबरोबर म्हशीच्या पोटात गेली. दुसरी कवळी आणली त्या दिवशी उज्वलानं अख्ख्या वस्तीला ऐकू जाईल असं भाषण ठोकलं. शेवटी म्हणाली, "आता ही हरवली ना आत्या, तर मला सांगायला येऊ नका. मी ऐकूनच घेणार नाही!" कुसाबाई कवळी तोंडात घालून शेंगदाणे खात बसली.

तर सर्वेक्षण. डॉक्टर संध्यांनी पद्धत घोटवून घेतली होती. घरातल्या माणसांनी रोजच्यासारखा चहा करायचा. तो दोन कपांत ओतायचा. एका कपात थर्मामीटर, दुसरा कप माणसाच्या हातात. पंच्याहत्तर अंश दिसले की म्हणायचं, घ्या घोट, रोज एवढाच गरम पिता का? फार गरम वाटला तर थांबायचं, सत्तरला पुन्हा विचारायचं, मग पासष्टला. माणूस ज्या आकड्याला 'हां, असाच' म्हणेल, तो आकडा लिहायचा. हात बसावा म्हणून पहिला फॉर्म घरातल्याच माणसाचा भरा, असं मॅडमनी सांगितलं होतं.

पहिला फॉर्म अर्थातच कुसाबाईचा. ती पदर नीट करून, पाटावर ताठ बसली. उज्वलानं पंच्याहत्तरला कप हातात दिला. कुसाबाईनं कपाकडे पाहिलं, सुनेकडे पाहिलं, कप तोंडाला लावला आणि म्हणाली, "हां. असाच."

"पोळलं नाही?"

"आमचा चहा असाच असतो. लिही."

उज्वलानं पंच्याहत्तर लिहिलं. पुढचे प्रश्न विचारले. चौदावा होता, घास गिळताना अडकतो का. कुसाबाई म्हणाली, "माझा? अख्खा कांदा गिळीन." उज्वलानं 'नाही' वर खूण केली. चार महिन्यांत दोनशे चौदा फॉर्म झाले, आणि निम्म्यांहून जास्त लोकांचा आकडा सत्तरच्या वर निघाला. मॅडम कागद बघून गंभीर व्हायच्या.

दर बुधवारी उज्वला फॉर्म घेऊन नाशिकला जायची, आणि त्याच दिवशी दुपारी इराणशी व्हिडिओवर बोलणं असायचं. पलीकडे असायची शहरबानू. पन्नाशी उलटलेली, डोक्याला फुलाफुलांचा रुमाल, आवाज जाडसर. तिकडे गावागावांत आरोग्यघरं असतात आणि त्यात त्याच गावची, शिकवून तयार केलेली बाई किंवा बाप्या काम करतो. त्यांना बेहवर्ज म्हणतात. आपल्याकडच्या आशाताईंसारखंच म्हणा, फक्त जास्त शिकवलेलं. शहरबानू तीस वर्षं बेहवर्ज होती. घरोघर चहा मोजण्यातल्या खाचाखोचा ती सांगायची, मॅडम मराठीत सांगायच्या, आणि उज्वलाला वाटायचं की ही बाई आपल्या वस्तीवर आली तर पहिल्याच दिवशी ओट्यावर बसून बायांना दटावेल.

भाद्रपद निम्मा सरला होता. त्या बुधवारी काम लवकर आटोपलं, म्हणून उज्वलानं सहज विचारलं, "तुमच्या गावात हा आजार घरच्यांना आधी कशावरून कळायचा?"

 शहरबानू बोलली, आणि मॅडमनी सावकाश सांगितलं, "त्या म्हणताहेत, भाकरीवरून. त्यांची आई भाकरी चहात बुडवून खायला लागली. घरात सगळ्यांना वाटलं, वय झालं. मग भाकरी सुटली आणि नुसतं सूप राहिलं. त्या म्हणतात, मी तेव्हा बेहवर्ज होते. रोज दुसऱ्यांच्या घरात जाऊन हेच प्रश्न विचारत होते. माझ्या घरातलं मला चार महिने दिसलं नाही."

उज्वलाच्या हातातलं पेन तसंच राहिलं. कुसाबाई पोळ्याच्या आधीपासून भाकरी चहात बुडवून खात होती.

बसमध्ये बसल्यावर एकेक आठवायला लागलं. भाकरीचे पापुद्रे काढून कडा कुत्र्याला घालणं. परवा जेवताना लागलेला ठसका आणि छातीवर हात ठेवून प्यालेलं तांब्याभर पाणी. कांद्याच्या ट्रॉल्या लासलगावला गेल्या तेव्हापासून अंग उतरलंय, असं शेजारची सरुबाई म्हणाली होती, तेव्हा आपण हसून सोडून दिलं होतं. आत्याच्या हातातल्या बांगड्या मनगटावर थांबत नव्हत्या, पार वर चढत होत्या. आणि फॉर्म नंबर एक, पंच्याहत्तर अंश. निफाड मागे पडेपर्यंत उज्वलाच्या डोळ्यांतलं पाणी थांबलं नव्हतं. दोनशे चौदा घरांत घास अडकतो का विचारत फिरली, आणि स्वतःच्या चुलीपाशी तिनं पुन्हा एकदाही विचारलं नव्हतं.

महेशला सांगितलं तेव्हा तो गोठ्यात होता.  म्हशीच्या पाठीवरून उगाच हात फिरवत राहिला. थोड्या वेळानं म्हणाला, "आईला आत्ता काही सांगू नको."

उज्वलानं रात्रीच फोन केला, आणि मॅडमनी ओळखीच्या डॉक्टरकडे सोमवारची वेळ घेऊन दिली. तोंडातून दुर्बीण घालून अन्ननलिका बघायची होती. कुसाबाईला सांगितलं, की ज्यांचा फॉर्म पहिला त्यांची मोठी तपासणी असते, इराणमध्ये पण असंच करतात. कुसाबाईला शंका आली नाही. उलट तिनं वस्तीभर सांगितलं, "माझा पैला नंबर हाय ना, म्हनून नाशिकला नेत्यात. बाकीच्यांचं बघतील नंतर."

ते पाच दिवस उज्वलानं कसे काढले ते तिलाच ठाऊक. ती एकदम गोड झाली. सकाळी लापशी, दुपारी मऊ खिचडी, संध्याकाळी साबुदाण्याची पेज. आवाज चढवायची नाही. कुसाबाईनं दुधाचं भांडं उघडं ठेवलं आणि मांजरानं तोंड घातलं, तरी उज्वला म्हणाली, "असू द्या आत्या, पिऊ दे बिचारीला." हे ऐकून कुसाबाई घाबरली. बारा महिने तेरा काळ भांडणारी सून अशी निवली म्हणजे काहीतरी कळलेलं दिसतंय, असं तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट उमटलं. शनिवारी ती चुलीपाशी येऊन बसली आणि राखेत काडीनं रेघा ओढत म्हणाली, "उज्वला, तुला एक सांगायचं व्हतं."

उज्वलानं ताडलं. आता ही म्हणणार घास अडकतो, आणि मग आपल्याच्यानं धीर धरवणार नाही. तिनं घाईघाईनं परात ओढली. "आता काही सांगू नका आत्या. सोमवारी बघू सगळं."

"आगं पन..."

"सोमवारी!"

कुसाबाई उठून गेली. जाताना तिचा चेहरा सुटका झालेल्या माणसासारखा दिसला, हे उज्वलाला पुढे पुष्कळ दिवसांनी आठवलं.

सोमवारी तिघं पहाटेच निघाली. कुसाबाईनं ठेवणीतलं इरकल नेसलं होतं आणि उपाशीपोटी असूनही ती खुशीत होती. दवाखान्यातल्या लिफ्टचं तिला फार कौतुक. उज्वलानं रांगेत उभं राहून कागद भरले. कागदावर छापलेला एक शब्द तिनं बोटाखाली झाकून सही केली. महेश बाहेर बाकावर बसला, त्याचा पाय सारखा हलत होता.

आतल्या खोलीत गोऱ्या, ठेंगण्या नर्सनं कुसाबाईला पलंगावर बसवलं. घशात फवारा मारायच्या आधी तिनं एक छोटी स्टीलची वाटी पुढे केली. "आजी, कवळी असेल तर काढून यात द्या."

कुसाबाईनं वाटीकडे पाहिलं. मग छताकडे पाहिलं.

"आत्या, कवळी काढून द्या त्यांना," उज्वला म्हणाली.

"नाय."

"काढावी लागते आत्या, दुर्बीण जायची आहे."

"आगं नाय म्हंजे नायचे." कुसाबाईचा आवाज एकदम बारीक झाला. "कांद्यात गेली."

नर्सला कळेना. उज्वलालाही कळेना.

"कुठल्या कांद्यात?"

"चाळीतल्या. नारळी पुनवेला ट्रॉली भरायची म्हनून कांदे निवडत व्हते ना आपुन. फोलपटाची धूळ जाती कवळीखाली, टोचती. म्हनून काढली आन् पदरात ठेवली. त्याच पदरात कांदे घेऊन वतले ट्रॉलीत. ध्यानात आलं तवर महेश लासलगावात पोचला व्हता."

नर्सनं वाटी खाली ठेवली आणि भिंतीकडे तोंड केलं. तिचे खांदे हलत होते.

"म्हणजे..." उज्वलानं बोटांवर आठवडे मोजले. "तेव्हापासून तुम्ही भाकरी चहात..."

"मग काय करू? दाढाच नाय तर चावू कशानं? हिरड्यांनी? मोठा घास तसाच जातो, मग छातीत बसतो."

"आणि रोज रात्री कवळीची वाटी पाण्यानं भरून, झाकण घालून ठेवत होतात ती?"

"मोकळीच व्हती." कुसाबाईनं मान खाली घातली. "रोज घासत व्हते पन."

"मला सांगायचं नाही?"

आता कुसाबाईची मान वर झाली. "तूच म्हनली व्हतीस! हरवली तर सांगायला येऊ नका, मी ऐकूनच घेनार नाय. समद्या वस्तीनं ऐकलंय. तरी शनवारी सांगायला आले, तर म्हनली सोमवारी. हा बघ, आज सोमवार."

उज्वला भांडायला उभी राहिली होती ती मटकन स्टुलावर बसली. हसू येत होतं की रडू, तिचं तिला समजेना. पण अजून जीव भांड्यात पडला नव्हता. कवळी हरवली हे खरं, त्यामुळे घास अडकतो हेही खरं मानलं, तरी आत काय आहे ते कुणी पाहिलं होतं? पंच्याहत्तर अंश होतेच. डॉक्टर आले, त्यांनीही सगळं ऐकलं, मिशीत हसले आणि म्हणाले, "आलाच आहात तर बघून घेऊ, आजी." उज्वलाला बाहेर जायला सांगितलं.

बाहेरची ती पंधरा मिनिटं फार लांब होती.  महेशला कवळीचं सांगायचं ती विसरूनच गेली.

दार उघडलं आणि डॉक्टर स्वतःच बाहेर आले. म्हणाले, "स्वच्छ आहे. काही नाही. ना गाठ, ना जखम. दात बसवा आणि पोटभर जेवू घाला."

उज्वलानं त्यांना पुन्हा सांगायला लावलं. त्यांनी पुन्हा सांगितलं. मग तिनं पदर तोंडाला लावला आणि कॉरिडॉरमधल्या सगळ्यांच्या देखत हमसून हमसून रडली. महेश भिंतीला टेकून डोळे मिटून उभा राहिला, आणि थोड्या वेळानं त्यानं विचारलं, "दात? कसले दात?"

कुसाबाई बाहेर आली ती घशाला हात लावत. घसा बधिर होता, त्यामुळे बोलणं बोबडं येत होतं. सून रडतेय हे बघून ती कवळीसाठीच रडतेय असं वाटून म्हणाली, "लडू नको गं. नवी नको कलू. मी चालवीन तशीच."

तेव्हा उज्वलानं तिला सगळं सांगितलं. शहरबानूची आई, बुडवलेली भाकरी, पाच दिवसांची लापशी, सगळं. कुसाबाई ऐकत राहिली. मग तिनं सुनेच्या पाठीत एक धपाटा घातला, चांगला जोरात. "येवढं डोक्यात घेऊन फिरत व्हतीस आन् मला लापशी चारत व्हतीस? मला वाटलं तुला कवळीचं कळलंय, आन् तू राग गिळती!" धपाट्यानंतर तिचा हात पाठीवरून निघाला नाही. लिफ्ट खाली येईपर्यंत ती सुनेची पाठ चोळत होती.

तासाभरानं घसा मोकळा झाला आणि कुसाबाईला चहाची तलफ आली. स्टँडजवळच्या हॉटेलात तिघं बसली. चहा कपबशीत आला. उज्वला इतकी सैल झाली होती की तिला त्या टेबलाचं, माश्यांचं, वेटरच्या ओरडण्याचंही कौतुक वाटत होतं. समोर कुसाबाईनं कप उचलला, रोजच्यासारखा बशीत चहा ओतला, बशी दोन्ही हातांत धरून फुंकर घातली आणि फुर्रकन ओढला.

उज्वला बघत राहिली. लग्न झाल्यापासून ती हे रोज बघत होती.

"आत्या, थांबा." तिनं पिशवीतून थर्मामीटर काढला. कपात घातला, त्र्याहत्तर. मग कुसाबाईच्या हातातल्या बशीत बुडवला. आकडा उतरत उतरत गेला आणि पंचावन्नावर थांबला.

"पहिल्या दिवशी तुम्ही कपानं का प्यालात?"

"तू बशी दिली व्हतीस का?" कुसाबाई म्हणाली. "दोन कप मांडले आन् मॅडम व्हऊन समोर बसली. मला वाटलं सरकारी पद्धत असंल. जीभ पोळली माझी, दोन दिवस चव नव्हती तोंडाला. पन सुनेचा पैलाच फॉर्म. म्हटलं कशाला बिघडवा?"

"मी विचारलं होतं ना, रोज एवढाच गरम पिता का?"

"चहा येवढाच गरम असतो. पितो बशीत. तू पितो कशात इचारलंच नाय."

उज्वलाच्या डोळ्यांसमोर दोनशे चौदा घरं उभी राहिली. कप हातात घेऊन जरा घुटमळणारे म्हातारे. 'बशी देऊ का' म्हणून उठलेली आणि तिनंच 'नको नको, मोजायचंय' म्हणून खाली बसवलेली चिमणाबाई. पाहुण्या बाईसमोर वाईट दिसू नये म्हणून पोळत्या घोटाला 'हां, असाच' म्हणणारं सगळं गणगोत. चार महिन्यांची पायपीट गेली. एरवी या विचारानं तिला जेवण गेलं नसतं. पण त्या दिवशी तिला पोट धरून हसू आलं, आणि तिनं महेशच्या बशीतलाही चहा मोजला. त्याचा छप्पन्न होता.

त्याची धास्ती वाटली ती बुधवारी, मॅडमसमोर उभं राहिल्यावर. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. चष्मा काढला, पुसला, परत घातला. "कप मीच आणले होते, उज्वला," त्या म्हणाल्या. "बशा मीच दुकानात ठेवून आले, उगाच वजन नको म्हणून. छापून यायच्या आधी कळलं हे आपलं नशीब. पुन्हा मोजू." आणि फॉर्मच्या पहिल्या पानावर त्यांनी स्वतःच्या हातानं दोन प्रश्न वाढवले. चहा कशातून पिता? आणि कवळी असल्यास आत्ता कुठे आहे?

त्या दिवशी कुसाबाई हट्टानं बरोबर आली होती. पडद्यावर शहरबानू दिसली, आणि मॅडमनी तपासणीचं तिला आधीच कळवलेलं असल्यानं नमस्कार-चमत्काराच्या आधी तिनं काहीतरी घाईनं विचारलं. मॅडमनी सांगायची गरज पडली नाही. उज्वलानं फोन सासूकडे वळवला आणि म्हणाली, "ही बघा. काही नाही झालेलं."

मॅडमनी कवळीची हकिकत फारसीत सांगितली. शहरबानू आधी नीट ऐकत होती, मग तोंडावर हात धरून हसली. कुसाबाईला चेव आला. ती फोनच्या अगदी जवळ तोंड नेऊन म्हणाली, "तिला म्हनावं, कांदे लांब लांब जात्यात आमचे. तुमच्या गावात कांद्याच्या गोनीत दाढा निघाल्या तर त्या माझ्या हायेत. धुऊन ठेव म्हनावं."

हे ऐकून शहरबानू इतकी हसली की तिला रुमालाच्या टोकानं डोळे पुसावे लागले. आणि मग ती पुसतच राहिली. कुसाबाईनं उज्वलाला कोपरानं ढोसून हळूच विचारलं, "हिचीच आई गेली ना गं त्यात?"

"हो."

कुसाबाईनं मान डोलावली. पुढ्यातला चहा बशीत ओतला, बशी उचलून फोनसमोर धरली आणि मराठीतच म्हणाली, "घे बाई, घोटभर घे. गार करून." शहरबानू उठून गेली, परत आली तेव्हा तिच्या हातातही बशी होती. तिनं साखरेचा खडा दातांत धरला आणि तिकडचा चहा तिकडे ओढला. दोघी एकमेकींचं पिणं बघत होत्या. फोन ठेवायच्या आधी शहरबानू उज्वलाकडे बघून काही बोलली. मॅडमना ते मराठीत सांगायला जरा वेळ लागला. "त्या म्हणताहेत, हिचे दात आले की हिला भाकरी चावून खाताना नीट बघ. माझ्या वाटचंही बघ."

नवी कवळी दसऱ्याच्या आदल्या दिवशी आली. उज्वला तोवर बशा घेऊन साठ घरं पुन्हा फिरली होती, आणि जुन्या सत्तरवाल्यांतले बरेचसे साठच्या आत येऊन बसले होते. दोन-चार म्हातारे मात्र खरोखरच कपानं उकळता चहा पिणारे निघाले. त्यांची नावं तिनं वेगळी लिहून मॅडमना दिली.

त्या दुपारी तिनं बाजरीची भाकरी मुद्दाम जरा जास्त भाजली, कडा कडक होऊ दिल्या. कुसाबाईनं ती मोडली तेव्हा आवाज आला. तिनं बुक्कीनं कांदा फोडला, कडेचा तुकडा तोंडात घातला आणि डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे, सावकाश चावत राहिली. दुधाला, चहाला हात लावला नाही. उज्वला तव्यापाशी हातावर हनुवटी टेकून बसली होती. तव्यावरची भाकरी करपायला लागली तरी तिचं लक्ष नव्हतं.

"काय बघती गं अशी?" कुसाबाई भरल्या तोंडानं म्हणाली. "दृष्ट लावती का काय?"

"खा तुम्ही, आत्या," उज्वला म्हणाली. "दोघींच्या वाटचं बघतेय."